उरल्यासुरल्याचं परडं

वैशाख सरत आला की बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून चालणाऱ्यानं अधूनमधून वर बघावं. शहापूर, वडगाव, अनगोळ, खासबाग, कुठंही. एखाद्या छपरावर हाफ पँट घातलेले गृहस्थ उकिडवे बसलेले असतात आणि खाली शिडी धरायला सुट्टीला आलेला भाचा असतो. वर एकेक कौल उचलून झटकलं जातं. वर्षभराची पानं, घरट्याच्या काड्या, माकडांनी आणून टाकलेल्या शेंगांची टरफलं सरळ स्वयंपाकघरात येतात आणि आतून आवाज येतो, "अहो, सांगून तरी करा! भात उघडा आहे." वरचा माणूस ऐकत नाही. तो कौल वाजवून बघण्यात गुंग असतो.

वाजवून बघणं हे शाकारणीतलं मुख्य काम. बोटाच्या पेरानं टिचकी मारली की धड कौल खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तडा डोळ्याला दिसतोच असं नाही, कानाला कळतो. मंगळुरी कौलाला मागच्या बाजूनं नाक असतं, ते रिपेला अडकवलेलं असतं. मधलंच एखादं काढायचं तर त्याच्या वरच्या ओळीतलं कौल थोडं वर सरकवायचं, खालचं उचलून बाहेर ओढायचं, नवं आत सारायचं आणि वरचं पुन्हा त्याच्यावर टेकवायचं. पाय कुठं ठेवायचा हे आधी शिकावं लागतं. रीप जिथं वाशावर ठोकलेली असते तिथंच वजन द्यायचं, दोन वाशांच्या मध्ये दिलं तर शाकारणीचा खर्च वाढतो. बारीक चीर असेल तर डांबर तापवून त्यावर जुन्या धोतराची पट्टी बसवतात. ती दोन पावसाळे निभावते, कधी तीन.

हे सगळं मृगाच्या आत उरकायचं असतं. बेळगावात वर्षाला सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरात कोसळतो. खानापूरच्या पश्चिमेला, मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला तर तो किती पडतो याचा हिशेब न केलेला बरा. मे महिन्यात टाळलेलं एक कौल जुलैत एक बादली मागतं, आणि बादली नेमकी तिथंच ठेवावी लागते जिथं पाहुण्यांचं अंथरूण घालायचं असतं.

एकोणिसाव्या शतकात, 1860 च्या दशकात, बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मंडळींनी मंगळूरला कौलांचे कारखाने काढले. तिथून हे चपटं, खाचांत बसणारं कौल पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरलं. त्याआधी इथं कुंभाराच्या चाकावर केलेले, अर्धे चिरलेले नळे असायचे. खानापूरची माती दोन्हींना मानवली. तिथं कौलांच्या भट्ट्या पेटल्या, विटांच्या पेटल्या आणि पुढं खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच आली. म्हणून बेळगावच्या परड्यात पाऊल टाकलं की खानापूर पायाला लागतं. फुटक्या कौलाचे तुकडे वाफ्यांच्या कडेला तिरके रोवलेले असतात. त्याहून बारीक तुकडे कुंडीच्या तळाशी, भोकावर, पाणी निथळावं आणि माती वाहू नये म्हणून. त्याहूनही बारीक झालेले पूर्वी कांडून सुरखी करायचे. चुन्यात भाजक्या मातीची ही पूड मिसळली की गिलावा ओलीतही धरतो, हे सिमेंट येण्याच्या कितीतरी आधीपासून गवंड्यांना ठाऊक होतं. कौल छपरावरून उतरलं म्हणजे निवृत्त झालं, असं या भागात कुणी समजत नाही.

इथल्या घरांची आणि परड्यांची डागडुजी बघत हिंडलं की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या गावाचा जो धंदा, त्याचं उरलंसुरलं त्या गावच्या मागच्या दारी येऊन पडलेलं असतं. घर दुरुस्त करणारा दुकानात नंतर जातो. आधी शेजाऱ्याच्या वखारीत, कारखान्याच्या मागच्या फाटकाशी किंवा मागावर बसणाऱ्या मावशींकडं डोकावतो.

निपाणीला तंबाखू. महामार्गालगतचं हे गाव बिडीच्या तंबाखूवर वाढलं. वखारींमध्ये पानं कुटली, चाळली, प्रतवारी लावली की देठ, शिरा आणि भुकटी उरते. त्यातली मूठभर निपाणीच्या परसबागांत पोचली नाही तरच नवल. जास्वंदीच्या कळ्यांवर मावा चढला की म्हातारी माणसं आजही सांगतात, "रात्री देठं भिजत घाला, सकाळी उकळून गाळा, साबणाचं पाणी मिसळा आणि मारा." युरोपातले माळीही सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तंबाखूचं पाणी झाडांवर शिंपडत आले आहेत. त्यातलं निकोटिन किड्याच्या मज्जातंतूंवर घाला घालतं. ते माणसाच्याही मज्जातंतूंवर घालतं, एवढी एक गोष्ट सांगायची राहून जाते. काढा करताना हातमोजे हवेत, भांडं पुन्हा स्वयंपाकात नको आणि फवारलेल्या पालेभाजीला बरेच दिवस हात लावायचा नाही. घरच्या उपायाला विष म्हणायची जीभ होत नाही म्हणून ते विष नसतं असं नाही.

निपाणीच्या बायकांना हे कुणी शिकवायला नको होतं. वखारीत दिवसभर तंबाखू चाळणाऱ्या स्त्रियांच्या नाकातोंडात तीच भुकटी जायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या संघटित झाल्या आणि युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटानं 1982 साली त्यांच्यावर माहितीपट केला. त्याच सुमारास, 1981 मध्ये, तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीच्या महामार्गावर ठाण मांडून बसले होते. जास्वंदीवरच्या त्या तपकिरी पाण्याच्या मागं एवढं सगळं उभं आहे. कुंडीला पाणी घालताना त्याची आठवण ठेवावी अशी सक्ती नाही, पण निपाणीत ती येतेच.

तंबाखूची आणखी एक खोड आहे. टोमॅटो, मिरची, वांगं ही तिची भावंडं आणि या घराण्याचा एक जुना रोग आहे, पानांवर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी उमटवणारा. 1898 साली मार्टिनस बायरिंक या डच शास्त्रज्ञानं दाखवलं की बारीकात बारीक गाळणीतून गाळलेला रससुद्धा हा रोग पसरवतो. म्हणजे हा जंतू नव्हे, दुसरंच काहीतरी आहे. त्यानं त्याला विषाणू म्हटलं आणि विज्ञानाची एक नवी शाखा तंबाखूच्या पानावरून सुरू झाली. हा विषाणू वाळल्या तंबाखूत वर्षानुवर्षं टिकून राहतो. म्हणून तंबाखू मळलेल्या हातानं मिरचीच्या रोपांची खुडणी करू नये. निपाणीसारख्या गावात हे सांगणं अवघड आहे. मळलेली तंबाखू खाली ठेवून साबणानं हात धुऊन मिरचीपाशी जाणारा माणूस अजून भेटायचा आहे.

निपाणी-संकेश्वरच्या पट्ट्यात साखर कारखाने आहेत, त्यामुळं तिथल्या कुंडीत प्रेसमड असतं. रस गाळल्यावर उरलेला हा काळसर गाळ ताजाच झाडाला घातला तर कुजताना तापतो आणि मुळं भाजून काढतो. कुठंतरी कोपऱ्यात, वर पोतं टाकून, काही महिने विसरून जायचं, एवढीच त्याची कृती. विसरणं हे परसबागेतलं एक कौशल्य आहे आणि ते सगळ्यांना जमतं. चंदगडकडून काजू येतो, टरफलं येतात आणि त्या टरफलांचं जाळतं तेल वाळवीवर इलाज म्हणून वाशांच्या टोकांना चोपडलं जातं. ते कातडीला लागलं तर फोड येतात. लाकडाला मात्र मानवतं.

वडगाव-शहापूरकडं परड्यांचं रूप वेगळं. हा विणकरांचा भाग. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडं. एका रस्त्याच्या अलीकडं-पलीकडं दोन राज्यं नांदत होती आणि दोन्हीकडच्या बायका शहापुरी साड्या नेसत होत्या. आता हातमागाच्या जागी यंत्रमाग खडखडतात. त्या खडखडाटातही घराच्या मागं दोडक्याचा मांडव असतो आणि वेल बांधलेला असतो तो सुताच्या गुंत्यानं. मऊ सूत वेलाच्या देठाला कापत नाही. तारेनं बांधलेला वेल वाऱ्यात हेलकावला की सोलला जातो. सुताचं एक बरं, दोन पावसांत कुजतं आणि तोवर वेलाला स्वतःचे तणावे फुटलेले असतात. सुताच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या कोनात माती भरून भोपळ्याची बी टोचतात. रोप वर आलं की कोनासकट जमिनीत पुरायचं. मुळाला धक्का नाही आणि पुठ्ठा मातीला मिळून जातो. रोपवाटिकेत याच कामाला हल्ली विकतच्या कागदी कुंड्या मिळतात.

बेळगाव शहर मात्र लोखंडाचं. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर इथं सायकलचं दुकान काढलं. ते आधी मुंबईत जे.जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंगांत फरक कळत नाही असं ध्यानात आल्यावर ती वाट सुटली आणि यंत्रांची धरली. सायकलींवरून कडबा कापायच्या यंत्राकडं, तिथून लोखंडी नांगराकडं असा तो प्रवास झाला. शहराच्या विस्तारात त्यांची जागा गेली तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावाकडं रस्त्याचं नाव उरलं, किर्लोस्कर रोड. आणि एक सवयही उरली म्हणावं लागेल. बिघडलेली वस्तू टाकून द्यायच्या आधी उघडून बघायची. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि लेथची वर्कशॉपं ही पुढची गोष्ट. तिथं काम करणारा फिटर रविवारी घरी स्वस्थ बसत नाही. त्याच्या घरच्या फाटकाला बेअरिंग असतं, तुळशीकट्ट्याजवळच्या नळाला पितळी तोटी, आणि मोगऱ्याच्या मांडवाला उरलेल्या सळ्यांची कमान, जी हत्ती बांधला तरी हलणार नाही. तेलाचं पिंप आडवं कापून केलेल्या दोन कुंड्या दाराशी असतातच. पिंप आधी कशाचं होतं हे विचारून घ्यावं, रसायनाचं असेल तर सोडून द्यावं. आणि फाउंड्रीची जळकी काळी वाळू फुकट मिळते म्हणून मातीत मिसळू नये, तीत काय काय मुरलेलं असतं याचा नेम नसतो. उरलंसुरलं सगळंच घरी आणण्यासारखं नसतं. ही निवड करता येणं म्हणजेच निम्मं काम.

काँग्रेसनंही बेळगावात एक उरलेली वस्तू ठेवली आहे. 26 आणि 27 डिसेंबर 1924 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत अधिवेशन भरलं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तेवढ्याच एका अधिवेशनात. यजमान गंगाधरराव देशपांडे यांनी मांडवांचं एक अख्खं गाव उठवलं, त्याला विजयनगर म्हटलं आणि एवढ्या माणसांच्या पाण्यासाठी विहीर खणली, तिचं नाव पंपासरोवर. मांडव उतरले, बांबू-तरट्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, विहीर राहिली. लोक तिला काँग्रेस विहीर म्हणतात. दोन दिवसांच्या समारंभासाठी केलेल्या कामातून शंभर वर्षं टिकणारी वस्तू मागं राहावी, असं यजमानपण आता दुर्मीळ झालं आहे.

पाण्यावरून न्हाणीघर आठवतं. नळ घराघरांत आले तरी जुन्या घरांत न्हाणीचं पाणी अजून परड्यात सोडलेलं असतं. दगडी पाटातून ते आधी अळूत जातं, अळूतून कर्दळीत, कर्दळीतून केळीच्या बुंध्याशी. हा क्रम उगाच नाही. अळू आणि कर्दळ साबणाच्या पाण्याला कुरकुरत नाहीत, गाळ धरून ठेवतात, केळीला पुढं बऱ्यापैकी निवळ पाणी मिळतं. सांडपाणी-शुद्धीकरणाच्या आजच्या पुस्तकांत कर्दळीचे वाफे आखून दाखवलेले असतात. श्रावणात अळूवडी हवी म्हणून आजीनं जे केलं तेच. नव्या घरांत मोरीचं पाणी पाइपमधून थेट गटारात जातं आणि अळू बाजारातून येतं, गणपत गल्लीत जुडीला मागतील ते पैसे देऊन.

चुन्याचं प्रकरण थोडं वेगळं. गौरी-गणपतीच्या आधी भिंती पांढऱ्या व्हायलाच हव्यात आणि भाद्रपद म्हणजे भर पावसाळा. तरी बायका पदर खोचतात. चुनकळी पिंपात टाकून वर पाणी ओतलं की ती फुसफुसते, तापते, उसळ्या मारते. मुलांना त्या वेळी चार हात लांब ठेवतात, एक थेंब डोळ्यात गेला तर सण दवाखान्यात होतो. निवलेला चुना गाळायचा, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घालायची, घायपाताचा कुंचा ठेचून मऊ करायचा. मग पातळ हात, एकावर एक, उभा आणि आडवा. पहिला हात मारला की भिंत पाण्यानं ओली केल्यासारखीच दिसते आणि नवखा माणूस हताश होऊन आणखी दाट कालवतो. तिथंच फसगत होते. दाट चुना सुकला की पापुद्रे धरतो. पातळ चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो, आणि हवा दमट असली तर उलट बरंच. घराच्या आतल्या भिंतींना भाद्रपद बाधत नाही तो यामुळं. मातीच्या नाहीतर जांभ्याच्या भिंतीला चुना सोसतो, कारण ओल त्यातून बाहेर पडते. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, दोन वर्षांत फुगे धरतात आणि रंगाची हमी देणारं पत्रक नेमकं सापडत नाही.

दिवाळीत या सगळ्या वस्तू अंगणात एकत्र येतात. सहामाही परीक्षा संपली की बेळगावची पोरं किल्ला बांधायला घेतात. महाराष्ट्रातही किल्ले होतात, पण बेळगावात गल्लीच्या गल्ली त्यात उतरते. स्पर्धा होतात, रात्री बघायला गर्दी लोटते, मोठी पोरं प्रत्यक्ष गडावर जाऊन बुरुज मोजून येतात. येळ्ळूरचा राजहंसगड तर हाकेच्या अंतरावर. पाया विटांचा, विटा कुणाच्या तरी अर्ध्या बांधकामावरून मागून आणलेल्या. त्यावर फुटकी कौलं कड्यांसाठी उभी. वर तरट किंवा पोतं, चिखलात बुडवून पसरलेलं. पोतं निपाणीकडून आलेलं असेल तर दोन दिवस तंबाखूचा वास येतो. तांबड्या मातीचा लेप आई-मावशींनी सारवणाच्या हातानं दिलेला. तटबंदीला चुना. पाण्याच्या टाक्याला सायकलची ट्यूब, आणि बाबांच्या वर्कशॉपमधून आलेला इवलासा पंप, ज्यावर दुसऱ्या गल्लीची पोरं जळतात. उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरतात. अळीव दोन-तीन दिवसांत तरारून वर येतो. रोज सकाळी ओंजळीनं पाणी शिंपडावं लागतं आणि ते कुणी शिंपडायचं यावरून गडावर फितुरी होते.

खरं तर बागकामाचा पहिला धडा पोरांना इथंच मिळतो. जास्त पाणी घातलं की डोंगर खचतो, कमी घातलं की जंगल वाळतं. सावलीकडचा अळीव पिवळा, लांबट आणि मान टाकलेला. उन्हाकडचा बुटका आणि हिरवागार. बी दाट पडलं तिथं बुरशी येते. कुणी वहीत लिहून घेत नाही, पण पुढच्या वर्षी तोच मुलगा सेनापती झाला की धाकट्यांच्या हातातून बियांची वाटी काढून घेतो आणि स्वतः चिमटीनं पेरतो.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला उतरवायची घाई सुरू होते. मावळे पेटीत जातात. महाराज कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर. मातीवर घरातल्या दोघींचा डोळा असतो. एकीला शेवंतीच्या कुंड्या भरायच्या असतात, दुसरीला टोमॅटोचा वाफा. टोमॅटोवालीला बजावलं जातं, "त्या निपाणीच्या पोत्याखालची माती नको घेऊस, बाई." पोतं गोठ्यात, कौलं पुन्हा वाफ्याच्या कडेला. विटा मात्र मोजून परत द्यायच्या असतात, आणि दरवर्षी चार-पाच कमी भरतात. बांधकामाचा मालक संध्याकाळी फाटकाशी येतो, सायकलवरून न उतरताच विचारतो, "काय रे पोरांनो, माझा बुरूज कुठं गेला?" आणि परड्यात, न्हाणीच्या पाटाशी, अळू नीट लावून घेण्यासाठी नुकत्याच बसवलेल्या विटांवर कुणीतरी पटकन पोतेरं टाकतं.